फोन कानाला, पलीकडे कुणीच नाही

आलेलं पत्र, थोडक्यात : पत्रलेखक ४६ वर्षांचे आहेत. शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही. ‘हा पोरगा नाव काढणार’ हे वाक्य ऐकतच वाढले. डॉक्टर व्हायचं होतं, पण प्रवेश दोन गुणांनी हुकला. मग प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाले आणि गेली २२ वर्षं एका रक्तपेढीत काम करताहेत. पत्नीही नोकरी करते, मुलगी १४ वर्षांची आहे, घराचं कर्ज फिटत आलंय. गेल्या महिन्यात शाळेतल्या वर्गाचा ३० वर्षांनी मेळावा भरला. प्रत्येकाने माईक हातात घेऊन दोन मिनिटं स्वतःविषयी बोलायचं होतं. पाळी दोन माणसांवर आली तेव्हा हे फोन आल्याचं दाखवून बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं फोन कानाला लावून उभे राहिले. फोन कुणाचाच नव्हता. त्याच संध्याकाळी शेवटच्या बाकावरच्या एका वर्गमित्राने, ज्याची आज प्रयोगशाळेची यंत्रं विकणारी कंपनी आहे, त्यांना सेल्स मॅनेजरची जागा देऊ केली. पगार जवळजवळ दुप्पट, महिन्यातले १५ दिवस फिरती. विक्रीचं काम आवडत नाही, ‘पण पुढच्या मेळाव्यात सांगायला काहीतरी होईल’, असं ते लिहितात. तेव्हापासून झोप लागत नाही. ते विचारतात : ‘मी आयुष्यात अयशस्वी झालो हे आता मान्य करून टाकू, की उशिरा का होईना, काही करून दाखवू?’

---

तुमचं पत्र वाचताना मी त्या पार्किंगपाशीच अडकले. आतून माईकचा आवाज येतोय, टाळ्या पडताहेत, आणि वर्गातला एकेकाळचा पहिला नंबर दोन गाड्यांच्या मधे उभा राहून ‘हो हो, बघतो, करतो’ म्हणतोय. (तुम्ही तसं म्हणालात असं लिहिलेलं नाही. पण पंधरा मिनिटं नुसता फोन कानाला धरून उभं राहता येत नाही, अधूनमधून काहीतरी पुटपुटावंच लागतं. मला कसं माहीत, ते विचारू नका.)

एक विचारते. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही नेमके कुणापासून लपला होतात? आत चाळीसेक माणसं होती म्हणता. त्यांतल्या किती जणांशी गेल्या ३० वर्षांत मनातलं काही बोललात? तुमची मुलगी कितवीत आहे, हे किती जणांना ठाऊक होतं? आयुष्याचा निकाल लावायचा अधिकार तुम्ही ज्यांच्या हाती दिलात, त्यांनी तो मागितलाही नव्हता. बहुतेक जण तेव्हा आपली स्वतःची दोन मिनिटं मनात घोकत असणार.

तरीही तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती कुठून आली एवढंच आधी बघू.

‘अयशस्वी’ हा शब्द तुमच्या पत्रात सात वेळा आलाय, मी मोजले. यश या शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ कीर्ती, नावलौकिक. यशस्वी म्हणजे ज्याचं नाव चार लोकांच्या तोंडी आहे तो. म्हणजे शब्दाच्या पोटातच दुसऱ्याचं तोंड बसलेलं आहे. पण आपल्या भाषेने एवढा एकच शब्द दिलेला नाही. सफल म्हणजे ज्याला फळ धरलं ते. कृतार्थ म्हणजे जे करायचं होतं ते करून झालेला माणूस. आणि सार्थक, म्हणजे ज्यात अर्थ आहे असं. परीक्षा यशस्वी होते, मोहीम यशस्वी होते, शस्त्रक्रिया यशस्वी होते, कारण त्यांना सुरुवात असते, शेवट असतो आणि शेवटी निकाल लागतो. आयुष्याचं मात्र आपण ‘सार्थक झालं’ म्हणतो. ‘आजोबांचं आयुष्य यशस्वी झालं’ असं म्हणून बघा, कानालाच खटकेल. (‘धन्य’ हा शब्दही मुळात धनाशीच जोडलेला आहे, त्यामुळे जुनी माणसं झाडून सगळी विरक्त होती अशी समजूत करून घ्यायचं कारण नाही.)

परीक्षेला लावायचा शब्द तुम्ही आयुष्याला लावलात आणि मग निकालपत्रक शोधत बसलात. तुमचं ते तसं का झालं, हेही दिसतं. तुमची जडणघडणीची वर्षं अशा जागी गेली, जिथे केलेल्या कष्टाचा आकडा महिन्याभरात हाती पडायचा आणि तो इतरांच्या आकड्याशेजारी भिंतीवर लागायचा. एक दिवस तिथून बाहेर पडलात आणि आकडे मिळायचे बंद झाले. ज्यांना शाळेत कधी फारसे गुण नव्हते, त्यांना हा धक्का बसत नाही. त्यांनी स्वतःला मोजायच्या दुसऱ्या तऱ्हा आधीच शोधून ठेवलेल्या असतात. तुम्हाला तशी गरजच पडली नव्हती. त्यात ‘नाव काढणार’. या वाक्याचं आपल्याला कोण कौतुक! पण ते सोळा वर्षांच्या पोराच्या नावावर दुसऱ्यांनी काढलेलं कर्ज असतं. काढणारे विसरून जातात, हप्ते पोरगा भरत राहतो.

आणि ते दोन गुण. वीस गुणांनी हुकलं असतं तर आज एवढं ठसठसलं नसतं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंचे चेहरे घेऊन केलेला एक अभ्यास आहे, १९९५ साली प्रसिद्ध झालेला. स्पर्धा संपली त्या क्षणाची आणि पदकं देतानाची चित्रफीत लोकांना दाखवली आणि कोण किती खूश दिसतंय ते विचारलं. कांस्यपदकवाले रौप्यपदकवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. अभ्यासकांनी लावलेला अर्थ असा की, दुसरा आलेला माणूस वर बघत असतो, ‘सोनं थोडक्यात गेलं’. तिसरा आलेला खाली बघतो, ‘अरे बाप रे, थोडक्यात हात हलवत परतलो असतो’. तुम्ही त्या दुसऱ्या पायरीवर २८ वर्षं उभे आहात, मान वर करून. तुमच्या मनातला तो डॉक्टर कधी चुकत नाही, त्याला रुग्णांचे नातेवाईक घेरत नाहीत, त्याची झोप अर्ध्या रात्री मोडत नाही. जो माणूस कधी जगलाच नाही, त्याच्याशी बरोबरी कशी व्हायची?

आता तुमच्या पत्रातल्या एका परिच्छेदाकडे येते. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलाय. मी तीनदा वाचला.

रात्रपाळी होती. वॉर्डातून रक्ताची तातडीची मागणी आली. नमुन्याच्या नळीवरचं नाव बरोबर होतं, पण नळीवरचा नोंदणी क्रमांक आणि मागणीच्या फॉर्मवरचा क्रमांक यांत शेवटचे दोन आकडे जुळत नव्हते. तुम्ही पिशवी दिली नाहीत, नवा नमुना मागितलात. वॉर्डातून फोनवर आरडाओरडा झाला : इथे पेशंट जायची वेळ आलीय आणि तुम्ही कागद कसले तपासताय, कारकून कुठले! तुम्ही फोन ठेवलात आणि वाट बघितलीत. ४० मिनिटांनी नवा नमुना आला. आधीचा गट ए होता. हा ओ निघाला. दोन्ही नळ्या तुम्ही पुन्हा लावून बघितल्यात, तेच आलं. पहिली नळी दुसऱ्याच कुणाची होती. त्यापुढचं तुमचं वाक्य असं : ‘दुसऱ्या दिवशी उशीर का झाला याचा खुलासा मलाच लिहून द्यावा लागला, ही माझी किंमत.’

इतर वाचकांसाठी सांगते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासूनच असतात. ए गटाचं रक्त शिरेत गेलं की ती त्या परक्या पेशींवर तुटून पडतात, पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात, माणूस दगावू शकतो. त्यासाठी पिशवी पूर्ण जावी लागतेच असंही नाही. हे गट कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मांडले आणि त्याबद्दल त्यांना नोबेल मिळालं १९३० मध्ये. पावती यायला २९ वर्षं लागली. अधल्यामधल्या त्या वर्षांत ते कुणा मेळाव्याला गेले होते की नाही, कल्पना नाही.

काही कामं अशी असतात की ती नीट झाली की काहीच घडत नाही. पूल पडत नाही. साथ पसरत नाही. पिशवी योग्य माणसाला जाते आणि तो चार दिवसांनी घरी जातो. घडलं नाही त्याचा फोटो निघत नाही, त्यावर भाषण करता येत नाही. माईक हातात घेऊन ‘गेल्या २२ वर्षांत माझ्या हातून चुकीची पिशवी गेली नाही’ असं म्हणायचं म्हटलं तर ते वाक्य नकारार्थी निघतं. मला वाटतं, तुमच्याकडे सांगण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्ही बाहेर पडला नाहीत. जे आहे ते सांगायची भाषा त्या सभागृहात चालणारी नव्हती.

इथे मी स्वतःलाही थोडी आवरते. कारण पुढची सोपी उडी अशी की, ‘बघा, तुम्ही एक जीव वाचवलात, म्हणजे तुम्ही यशस्वी!’ हे काही मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ते पुन्हा पदकच झालं. समजा, दुसऱ्या नमुन्याचा गटही ए असाच निघाला असता. आकडे लिहिताना कुणाची तरी डुलकी लागली होती, एवढंच असतं. मग ती ४० मिनिटं फुकट गेली असती, तुम्हाला दुप्पट बोलणी बसली असती, आणि तरीही तुमचं पिशवी रोखणं तितकंच बरोबर असतं. निकाल चांगला लागला म्हणून काम चांगलं ठरत नाही. मी त्या रात्रीचा जो भाग पुन्हा पुन्हा वाचला, तो आरडाओरड्यानंतर तुम्ही फोन ठेवून वाट बघितलीत हा. तेव्हा तुम्हाला निकाल माहीत नव्हता. चार लोकांच्या तोंडी तुमचं नाव होतं, पण शिवीसारखं. आणि तुम्ही जागचे हलला नाहीत. तोच माणूस मेळाव्यात दोन मिनिटांच्या माईकला घाबरून पार्किंगमध्ये जातो, हे मला तुमच्या पत्रातलं खरं कोडं वाटतं.

तुम्हाला कुणीतरी मेंडेलची गोष्ट सांगेलच, तर आधी मीच सांगते, पण वेगळ्या कारणासाठी. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल शिक्षकपदाच्या पात्रता परीक्षेत १८५० साली नापास झाले, १८५६ मध्येही ते जमलं नाही. मठाच्या बागेत आठ वर्षं वाटाण्याची २८,००० च्या आसपास रोपं वाढवली, मोजली, गुण एका पिढीतून दुसरीत कोणत्या नियमांनी उतरतात यावर १८६५ मध्ये व्याख्यानं दिली, १८६६ मध्ये निबंध छापला. विज्ञानजगताने जवळजवळ दखलच घेतली नाही. १८८४ मध्ये ते गेले. १९०० मध्ये तिघा शास्त्रज्ञांना तेच नियम स्वतंत्रपणे सापडले आणि मग मेंडेलचं नाव झालं. ही गोष्ट सांगताना लोक शेवटावर जोर देतात : धीर धरा, कधीतरी जग दखल घेईल. मला हा दिलासा घातक वाटतो. यात यश मरणानंतरच्या तारखेला ढकललेलं आहे इतकंच, किल्ली अजून लोकांच्याच हातात. मला विचारायचंय ते १८८४ विषयी. १९०० उजाडलंच नसतं, निबंध कपाटात कुजून गेला असता, तर तीनास एक हे वाटाण्याचं प्रमाण (तीन रोपांत एक गुण दिसला, तर चौथ्यात दुसरा) कमी खरं ठरलं असतं का? तुम्ही रोज जे गट तपासता, तेही आईबापांकडून मुलांकडे मेंडेलच्याच नियमांनी येतात. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं तेव्हाही तसेच येत होते.

आता तुमच्या मित्राकडे. त्याचा उल्लेख करताना ‘शेवटच्या बाकावरचा’ हे तुम्ही दोनदा लिहिलंत. रागावू नका, पण त्यात थोडी खाज आहे. ३० वर्षांनी बाक कशाला मोजायचे? तो बाक तुमच्या लक्षात राहिला कारण पहिला बाक तुमचा होता, आणि तुम्हाला वाटतं जगाने हिशेबात घोळ घातला. पण त्या संध्याकाळी तुम्ही काय करता हे ज्याने नीट विचारलं, तुमच्या कामाचा उपयोग कुठे होईल हे ज्याला सुचलं, असा सभागृहातला एकटा माणूस तोच होता की. बाकीच्यांनी सेल्फी काढले. त्याच्या दोन मिनिटांत काय नव्हतं तेही तुम्हाला माहीत नाही. दोन मिनिटांत कुणीच सगळं सांगत नाही. कर्जं, गोळ्या, बोलणं टाकलेली मुलं, हे माईकवर येत नाही.

तर नोकरी घ्यावी का? मी सरळ ‘नको’ म्हणेन असं वाटलं असेल तर तसं नाही. पगार दुप्पट होणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे, आणि ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याचं बरं चाललेलं असतं तोच म्हणतो. यावर संशोधकांमध्येही बरीच वर्षं घोळ होता. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून मांडलं की, वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे रोजच्या मनःस्थितीत फरक पडत नाही. ‘माझं आयुष्य कसं चाललंय’ या प्रश्नाचं उत्तर मात्र पैशाबरोबर सुधारत जातं. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ मध्ये वेगळंच दिसलं, मनःस्थितीही वाढतच जाते. मग कानमन आणि किलिंग्जवर्थ भांडत बसले नाहीत, २०२३ मध्ये त्यांनी बार्बरा मेलर्स यांच्यासह एकत्र बसून माहिती पुन्हा तपासली. निघालं ते असं : बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढतच राहतं, पण जे मुळात सर्वांत दुःखी असतात त्यांचं एका टप्प्यानंतर वाढायचं थांबतं. म्हणजे पैशाने मिटणारी दुःखं पैशाने मिटतात. तुमचं दुःख त्यातलं आहे का, हे तुम्हीच बघायचं. पत्रात पैशाची चणचण मला कुठे दिसली नाही. मुलीच्या शिक्षणाचा एक ओझरता उल्लेख आहे तेवढा. ती काळजी खरी असेल तर वही घेऊन बसा आणि लिहा : किती कमी पडणार आहे, कोणत्या वर्षी, कशासाठी. आकडा निघाला तर नोकरीचा विचार त्या आकड्यासाठी करा, मेळाव्यासाठी नको.

याची एक चाचणी सांगते. नुसत्या कल्पनेतली आहे, पण हात घातला की चटका बसतो. समजा नोकरी घेतलीत, पगारही मिळाला, पण एक अट : ही गोष्ट वर्गातल्या कुणालाही, नातेवाइकांनाही, कधीच कळणार नाही. त्यांच्या लेखी तुम्ही रक्तपेढीतच आहात. आता १५ दिवसांची फिरती, टार्गेट, महिनाअखेरची धाकधूक हे सगळं डोळ्यांपुढे आणा आणि विचारा, घेईन का? उत्तर ‘हो’ आलं तर बिनधास्त घ्या, मागे वळून बघू नका. उत्तर ‘मग काय उपयोग?’ असं आलं तर ते नीट ऐका. तुमच्या पत्रातलं ‘सांगायला काहीतरी होईल’ हे वाक्य बघता मला उत्तराचा अंदाज आहे, पण मी चुकू शकते.

आणि सांगायला झालं, तरी ते पुरतं किती? काही वर्षांपूर्वी मला एक पुरस्कार मिळाला. छोटाच, पण मला हवा होता. त्या रात्री घरी येऊन मी काय केलं असेल? अभिनंदनाचे निरोप वाचत बसले, आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मी आलेले निरोप वाचतच नाहीये, कुणाकुणाचा आला नाही ते बघतेय. तीन नावं होती. आजही पाठ आहेत. अभिनंदन करणारी किती होती, ते आठवत नाही.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ‘आहे त्यात समाधान माना’ असं मी सांगितलं म्हणाल. टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक (ऑलिंपिकच्या अभ्यासातही हेच दोघे होते) यांनी पश्चात्तापावर काम केलं, १९९०च्या दशकात. माणसाला नजीकच्या काळात जास्त टोचतं ते केलेलं, पण लांबच्या काळात मागे वळून बघताना जास्त टोचतं ते न केलेलं. म्हणून मी तुमच्या पत्रात ‘न केलेलं’ शोधलं. विक्री तिथे नव्हती. तिसऱ्या पानावर, दोन ओळींच्या फटीत, हे होतं : ‘रक्तसंक्रमणाचा पुढचा अभ्यासक्रम करायचं बारा वर्षं मनात आहे, पण आता या वयात पोरांबरोबर परीक्षेला बसून काय करायचं.’ आणि त्याच्याच खाली, नवीन आलेल्या मुलांना क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का, ती तपासणी) शिकवताना वेळ कसा जातो कळत नाही, असंही. अहो, तुम्ही माझ्याकडे दोनच रस्ते घेऊन आलात, हार मानू की करून दाखवू; आणि तिसरा रस्ता तुमच्याच अक्षरात लिहिलेला होता. ‘पोरांबरोबर’ या शब्दात परत तोच पहिला नंबर आहे बरं का. कदाचित तुमचा पहिला येणार नाही. येऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. विसाव्या नंबरावर बसून एखादी गोष्ट आवडीने शिकण्याचा अनुभव तुम्हाला आजवर मिळालेलाच नाही.

मित्राला लगेच ‘नाही’ कळवायची घाई नको. त्याला विचारा की, चार-पाच दिवस तुझ्या माणसांबरोबर फिरू दे, मग सांगतो. रजा शिल्लक असेल. गाडीत बसा, दवाखान्यांच्या बाकांवर वाट बघा, कुणाला तरी यंत्र समजावून सांगा. विक्री आवडत नाही असं तुम्ही म्हणता, पण ती केलेली नाहीत. शिकवायला तुम्हाला आवडतं, आणि यंत्र विकण्यात शिकवणं बरंच असतं. कदाचित त्या कंपनीत तुमच्यासाठी विक्रीपेक्षा वेगळी जागा निघेल, वापरणाऱ्यांना प्रशिक्षण देणारी, फिरती कमी असलेली. विचारल्याशिवाय कळायचं नाही. तुमचा प्रश्न अशा एखाद्या किरकोळ कोपऱ्यातही सुटू शकतो.

अशी पत्रं मला वरचेवर येतात, म्हणून पुढचं सगळ्यांसाठी. एका गृहिणीने लिहिलं होतं की ओळख करून देताना ‘मी काहीच करत नाही’ हे वाक्य तोंडून निघतं आणि मग दिवसभर पोटात कालवतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एका अधिकाऱ्याने लिहिलं की खुर्ची गेल्यावर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नाही. (खुर्ची असलेल्यांनाही ही भीती असते, हे तुमच्या माहितीसाठी.) या सगळ्यांना मी एक काम सांगते : ती दोन मिनिटं लिहून काढा. पद, पगार, घर, गाडी, मुलांचे गुण यांपैकी एकही शब्द न वापरता. आधी कागद कोराच राहतो. एखादा आठवडा राहू दे. मग काहीबाही यायला लागतं : कुणी मध्यरात्री हाक मारली तर मी जाते, माझ्या हाताखालून शिकून गेलेली अकरा मुलं आज काम करताहेत, मी भावाशी बोलणं टाकलं होतं, ते मी आधी सुरू केलं. लिहून झालं की ते एका माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. वाचताना जिथे आवाज अडखळेल, तिथे खूण करा. तिथे एकतर काहीतरी खरं असतं नाहीतर शुद्ध थाप.

वर्गाचा ग्रुप तीन महिने म्यूट करून ठेवा. बाहेर पडू नका, त्याची चर्चा होते.

तुमच्यासाठी वाचून दाखवायचा माणूस मी ठरवलाय, तुमची पत्नी. पार्किंगची गोष्ट तुम्ही तिला सांगितलेली नाही, असं पत्रावरून वाटतं. तुम्ही विचारता तेव्हा ती ‘तुझं तू ठरव’ म्हणते म्हणून तुम्ही थोडे दुखावलात. पण तिच्यासमोर तुम्ही ठेवलाय तो पगार आणि फिरती. त्यावर ती दुसरं काय म्हणणार? खोट्या फोनची गोष्ट सांगा. ती आधी हसेल बहुतेक. हसू द्या.

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. महिना झाला म्हणता. अजून दोन आठवडे असंच राहिलं, किंवा जेवणावरची वासना गेली, कामात लक्ष लागेना, काही नकोसंच वाटायला लागलं, तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तुमच्या कामात रात्री टक्क जागं आणि शांत डोकं लागतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

एक गोष्ट विचारायची राहिली. ४० मिनिटं उशिरा ज्याला ओ गटाची पिशवी मिळाली, त्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी पत्र उलटसुलट करून बघितलं, कुठेच नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नसावं; तो माणूस तुम्ही कधी पाहिलाच नसेल, तुमच्याकडे आली ती फक्त त्याची नळी. जुन्या नोंदीत सापडत असेल तर बघा. नाव मला नको, गेला की घरी परतला तेवढंच कळवा.